आज कोण आलं नाही?
बुटीबोरीतल्या शाळकरी मुलांच्या हजेरीसाठी उभ्या राहणाऱ्या चळवळीचा जाहीरनामा

बुटीबोरीत ‘हजेरी’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. एमआयडीसीत सकाळची पाळी लागली की कोण आला आणि कोण नाही, हे पहिल्या काही मिनिटांत गेटवरच कळतं. ठेकेदाराच्या वहीत हजेरी म्हणजे दिवसाचा पैसा. ‘या महिन्यात किती हजेऱ्या भरल्या?’ असं शेजारीण विचारते, तेव्हा ती पगारच विचारत असते. निंदणाला गेलेल्या बायांची हजेरी वावराच्या धुऱ्यावर उभं राहून मोजली जाते आणि तीत कधी चूक होत नाही, कारण चूक झाली तर भांडण होतं.

याच गावात रोज आणखी एक हजेरी होते. शाळेत नावं पुकारली जातात. ‘हजर’, ‘हजर’ म्हणता म्हणता मध्येच एका नावाला उत्तर येत नाही. रकान्यात खूण होते, बाई पुढचं नाव घेतात. संध्याकाळपर्यंत त्या लेकराच्या दारात कोणी जात नाही. बापाचा एक खाडा पडला तर सुपरवायझरचा फोन येतो. लेकराचे आठ खाडे पडले तरी कोणाचा फोन येत नाही, आणि त्या खाड्याबद्दल कोणी भांडतही नाही.

ते भांडण आम्ही सुरू करतो आहोत. आम्ही म्हणजे इथले पालक, माजी विद्यार्थी, अंगणवाडीच्या ताई, कामगार, शेतमजूर, दुकानदार आणि निवृत्त शिक्षक. आमची घोषणा एका प्रश्नाची आहे. तो प्रश्न आम्ही शाळेला, सरकारला, कंपन्यांना आणि सगळ्यांत आधी स्वतःला रोज विचारणार आहोत: आज कोण आलं नाही?

आम्हाला काय दिसतं

शाळेत नाव नसलेलं मूल आता फार थोड्या घरांत सापडतं. पटावर नाव आहे, पण वर्गात मूल नाही, हा आजचा प्रश्न आहे. ‘असर’ या शिक्षण पाहणीचे स्वयंसेवक देशभरातल्या ग्रामीण शाळांना एखाद्या साध्या दिवशी भेट देतात आणि बाकांवर बसलेली डोकी मोजतात. २०१८ साली प्राथमिक शाळांत पटावरच्या शंभरांपैकी सुमारे ७२ मुलं हजर होती, २०२४ साली सुमारे ७६. सुधारणा झाली हे खरं, पण २०२४ सालीही चारांतलं एक मूल त्या दिवशी शाळेत नव्हतं.

महिन्याला दोन खाडे कोणाला फार वाटत नाहीत. हिशेब मांडून बघू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे, सहावी ते आठवीला २२० दिवस. दहातला एक दिवस बुडाला तर पाचवीपर्यंत १०० दिवस जातात आणि पुढच्या तीन वर्षांत ६६. आठवीच्या निरोप समारंभाला उभं राहिलेलं ते मूल आठ नव्हे, सात वर्षं शिकलेलं असतं. कोणतं वर्ष गेलं हे त्यालाही सांगता येत नाही, कारण ते एकेका दिवसाने गेलं. भागाकार शिकवला त्या दोन दिवसांत ते नव्हतं. पुढे अपूर्णांक आले तेव्हा ते होतं, पण नसल्यासारखंच. मग वर्गात काहीच कळेना, म्हणून खाडे वाढले. खाड्यामुळे कळत नाही आणि कळत नाही म्हणून खाडा, या रहाटात सापडलेलं मूल नववीच्या दारात गळतं. आपण म्हणतो, ‘त्याला शिक्षणाची आवडच नव्हती.’

सरकारी व्याख्येत सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल ‘शाळाबाह्य’ ठरतं. म्हणजे पंचविसाव्या दिवशी एकदा तोंड दाखवून गेलेलं मूल कोणत्याच यादीत येत नाही. ते शाळेत नाही आणि शाळेबाहेरही नाही. आमची चळवळ प्रामुख्याने या मुलांसाठी आहे.

ही मुलं कुठे असतात

बुटीबोरी हे नागपूरपासून तीसेक किलोमीटरवरचं, वर्ध्याला आणि हैदराबादकडे जाणारे रस्ते फुटतात तिथलं गाव. एका अंगाला कारखान्यांच्या चिमण्या, दुसऱ्या अंगाला पऱ्हाटी, सोयाबीन आणि तुरीचं वावर. त्यामुळे गैरहजेरीची कारणंही दोन्ही अंगांची आहेत.

वावराचं कारण ऋतूप्रमाणे येतं. विदर्भात उन्हामुळे शाळा उरलेल्या राज्यापेक्षा उशिरा उघडतात, आणि नेमकी तेव्हाच पेरणी आणि सरकी लावायची घाई असते. पोळा, तान्हा पोळा आणि महालक्ष्म्या आटोपून पोरं पुरती परतत नाहीत तोच सोयाबीनची सोंगणी येते. दिवाळीच्या आगेमागे सीतादहीची पूजा करून कापसाची वेचणी सुरू झाली की किलोवर मजुरी मिळते, आणि किलोवर मजुरी म्हटलं की लहान हातही मोलाचे होतात. सुट्टी संपून आठ-पंधरा दिवस झाले तरी बाक रिकामे का, याचं उत्तर धुऱ्यावर उभं राहिलं की दिसतं.

कारखान्याचं कारण बाराही महिने असतं. भाड्याच्या खोल्यांतून बिहार, उत्तर प्रदेश, छत्तीसगड, मध्य प्रदेश आणि ओडिशातून आलेली कुटुंबं राहतात. ठेका संपला की खोली बदलते, कधी गावच बदलतं. दाखला मागच्या शाळेत अडकलेला असतो, आधारवरचं नाव जुळत नाही, आणि ‘कागद आणा, मग बघू’ या वाक्यात अर्धं सत्र जातं. मराठी वर्गात बसलेल्या छत्तीसगढी किंवा ओडिया बोलणाऱ्या मुलाला पहिला महिना कोणी नीट बोललं नाही, तर दुसऱ्या महिन्यात ते येत नाही.

तिसरं कारण घरातच पाळण्यात झोपलेलं असतं. आई पाळीवर गेली, धाकटं दीड वर्षाचं. अंगणवाडी तीन वर्षांच्या पुढच्यांना बसवून घेते. मग त्या दीड वर्षाच्या जिवाला सांभाळणार कोण? चौथीतली ताई. तिच्या गैरहजेरीचं कारण शाळेत ‘घरगुती’ असं लिहिलं जातं. आम्ही ते ‘पाळणाघर नाही’ असं लिहिणार आहोत.

आणखी कारणं आहेत. कंटेनर आणि ट्रकांचा मोठा रस्ता ओलांडायचा म्हणून आई पाठवत नाही. शाळेच्या संडासाला कडी नाही, पाणी नाही, म्हणून सहावी-सातवीतली मुलगी महिन्यातले चार दिवस घरी राहते. गृहपाठ झाला नाही, मार बसेल, म्हणून पोरगं दप्तर घेऊन निघतं आणि पुलाखाली वेळ काढतं. अंगावर ताप असतो, दवाखान्याला पैसे नसतात. आणि कधी कधी गुरुजीच नसतात, कारण त्यांना मतदार याद्यांच्या कामाला पाठवलेलं असतं.

आळस हे कारण आम्ही यादीत शेवटी ठेवलं आहे. दारात जाऊन विचारलं की ते बहुतेक वेळा दुसऱ्याच एखाद्या कारणात विरघळतं.

आधीच्यांनी काय केलं, आम्ही काय शिकलो

हा प्रश्न आम्ही पहिल्यांदा विचारत नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो राज्यभर नेला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. आपल्या मध्य प्रांतातही १९२० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. त्या काळी शाळेपासून पिढ्यान्‌पिढ्या लांब ठेवलेल्या समाजाला दारातून आत आणायचं होतं. त्या दंडामागे राजाचा खजिनाही उभा होता, हे विसरता येत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ही सक्ती उलटी फिरवली. मूल शाळेत दाखल करणं पालकाचं कर्तव्य आहे, पण न पाठवल्याबद्दल त्याला शिक्षा नाही. सक्ती आहे ती सरकारवर. प्रवेश देणं, हजेरी आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण करून घेणं ही शासनाची आणि स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. कायदा इथेच थांबत नाही. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद स्थानिक प्राधिकरणाने ठेवली पाहिजे, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहिलं पाहिजे. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला, तरी प्रवेश नाकारता येत नाही. बुटीबोरीसारख्या गावासाठीच जणू ही कलमं लिहिली आहेत. ती कपाटात आहेत. आम्ही ती भाड्याच्या खोल्यांपर्यंत नेणार आहोत.

पैशाने हजेरी वाढते का, हेही महाराष्ट्राने करून पाहिलं. १९९२ साली दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. तेव्हा त्या रुपयाला वजन होतं. वेचणीची मजुरी वाढत गेली, भत्ता वर्षानुवर्षं रुपयाच राहिला. वावर आणि शाळा यांच्या लिलावात शाळेची बोली एक रुपयावर अडकली, तर निकाल काय लागणार?

ताटाने मात्र हजेरी वाढते. १९९५ साली पोषण आहार सुरू झाला तेव्हा ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा. तांदूळ घरी जायचा आणि मूल महिन्यातून त्या एका दिवशी हमखास यायचं. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला आणि खिचडीचा वास वर्गापर्यंत येऊ लागला. पोतं घरी जातं, ताट रोज शाळेत बोलावतं. जे काही द्यायचं ते रोज आणि शाळेतच द्यावं, हा धडा आम्ही त्यातून घेतला.

ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली आणि पटावरची किती नावं नुसती कागदावरच आहेत ते उघड झालं. पटावर शिक्षकांची पदं ठरतात, आहाराचा हिशेब ठरतो. त्यामुळे खरी हजेरी लिहिणाऱ्या शाळेचंच नुकसान होतं. जिथे खरं लिहिल्याने तोटा होतो तिथे हजेरीपट खोटं बोलायला शिकतो.

आणि चांगली उदाहरणंही आहेत. वसईच्या वीटभट्ट्यांवर विधायक संसदेने मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. मजुरांच्या झोपडीला भोंगा म्हणतात, शाळा त्या झोपडीपाशी गेली. ऊसतोडीच्या टोळ्यांमागे मुलांची फरफट होऊ नये म्हणून मराठवाड्यात हंगामी वसतिगृहं निघाली. स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत राज्याने आणली, आणि बालरक्षक म्हणून कितीतरी शिक्षक पदरचं पेट्रोल घालून पालांवर गेले. आपल्या शेजारच्या वर्ध्यात १९३७ साली गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली आणि हाताला काम देणाऱ्या शाळेचा विचार मांडला. शाळा आपल्या आयुष्याशी बोलते असं मुलाला वाटलं, तर त्याला ओढून आणावं लागत नाही, हे तिथून आम्ही घेतो.

आमचं म्हणणं

गैरहजेरी ही खबर आहे. घरात काहीतरी अडलं आहे, शाळेत काहीतरी खुपतं आहे, रस्त्यात कशाची तरी भीती आहे, याची ती पहिली खबर. खबर शिळी झाली की तिचा उपयोग नाही. महिन्याने निघणाऱ्या टक्केवारीतून कळतं की मूल गेलं. त्याच संध्याकाळी दारात गेलो तर कळतं की मूल का जातं आहे, आणि तेव्हा ते अडवता येतं.

आम्ही काय करू

१. त्याच दिवशी दारात. प्रत्येक गल्लीत, खोल्यांच्या प्रत्येक चाळीत दोन सोबती असतील, त्यांतली एक बाई, आणि दोघांपैकी एकाला तरी हिंदी येईल. न आलेल्यांची नावं शाळेकडून दुपारपर्यंत घेऊ, दिवस मावळायच्या आत त्या घरी जाऊ. पहिला प्रश्न ‘का नाही आला?’ असा नसेल. ‘काय झालं? सगळं बरं आहे ना?’ असा असेल.

२. तीन दिवस, सात दिवस. तिसऱ्या दिवशीही मूल आलं नाही तर शाळा व्यवस्थापन समितीचे दोन सदस्य जातील. या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला, त्यामुळे बोलणं पालकाचं पालकाशी होईल. सातव्या दिवशी केंद्रप्रमुखांकडे लेखी कळवू आणि पोच घेऊ.

३. खोल्यांची वही. नवं कुटुंब राहायला आलं की घरमालकाने आम्हाला सांगायचं. सहा ते चौदा वयाचं मूल असेल तर आठवड्याच्या आत त्याला घेऊन शाळेत जाऊ. कागद नंतर गोळा करू.

४. शाळेची दिंडी. मोठा रस्ता ओलांडणाऱ्या मुलांना मोठी माणसं एकत्र नेतील, एकत्र आणतील. वारीला चालत जाणाऱ्या मुलखात शाळेला चालत नेणारी दोन माणसं मिळू नयेत असं होणार नाही.

५. हंगामाची तयारी. वेचणीच्या आधी आणि कुटुंबं भट्ट्यांवर निघायच्या आधी घरोघर जाऊ. ज्यांना मागे ठेवता येईल त्यांची आजी-काका-शेजाऱ्यांकडे सोय लावू. जी जाणारच आहेत त्यांच्या हाती हमी कार्ड देऊ आणि पोचतील तिथल्या शाळेला फोन करू.

६. बुडालेला धडा. खाड्यावरून परतलेल्या मुलाला वर्गात उभं करून कारण विचारायचं नाही. गावातली कॉलेजची पोरं संध्याकाळी तासभर त्याच्यासोबत बसतील आणि राहिलेलं भरून काढतील. रहाट इथेच तुटतो.

७. महिन्याची बैठक. महिनाअखेर गावासमोर कारणं वाचू: पाळणाघर नव्हतं म्हणून इतके खाडे, रस्त्यामुळे इतके, वेचणीमुळे इतके, आजारामुळे इतके. मुलांची नावं वाचणार नाही.

आम्ही काय मागतो

शाळांकडे: खरी हजेरी लिहा. ती कमी निघाली तर आम्ही तुमच्या पाठीशी उभे राहू, तुमच्यावर धावून येणार नाही. मुलाला मारू नका, कायद्याने ते बंद आहे आणि हजेरीला त्याहून मोठा शत्रू नाही. संडासाला कडी, आत पाणी आणि सॅनिटरी पॅडची पेटी, एवढं या सत्रात करा.

कंपन्या आणि ठेकेदारांकडे: पन्नास वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी, असं २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने सांगितलं. ठेक्यावरच्या बाईचं लेकरूही त्यात आलं पाहिजे. शाळेच्या पालकसभेसाठी वर्षातून चार अर्धे दिवस पगारी द्या. आणि शाळा भरायच्या-सुटायच्या वेळी मोठ्या गाड्या शाळेच्या रस्त्याने सोडू नका. सामाजिक दायित्वाच्या निधीतून रंगवलेल्या भिंतीपेक्षा आम्हाला हे अधिक हवं आहे.

वावरमालकांकडे: वेचणीला, निंदणाला चौदाच्या आतलं मूल शाळेच्या वेळेत ठेवू नका. ‘आईसोबत आलं’ हे कारण आम्ही ऐकून घेऊ, पण पुन्हा येऊन विचारू.

शासनाकडे: हद्दीतल्या मुलांची कायद्याने सांगितलेली नोंद जाहीर करा. मुलींचा उपस्थिती भत्ता आजच्या मजुरीच्या मानाने ठरवा. शिक्षकांना जनगणना, निवडणूक आणि आपत्ती यांपलीकडची अशैक्षणिक कामं देऊ नका, हे तुमच्याच कायद्यात आहे. दूरच्या वाड्या-वस्त्यांतल्या मुलींसाठी एसटीचा मोफत पास आहे, त्या पासाला शाळेच्या वेळेवर येणारी गाडीही द्या. आणि हजेरी कमी म्हणून शाळा बंद करायची भाषा करू नका. आजारी माणसाला ताप जास्त आला म्हणून कोणी दवाखाना बंद करत नाही.

आम्ही काय करणार नाही

दंड मागणार नाही. कोणाचं रेशन, कोणाचा भत्ता तोडायला सांगणार नाही. गैरहजर मुलांची नावं फलकावर किंवा व्हॉट्सॲपच्या गटावर टाकणार नाही. शंभर टक्के हजेरीची बक्षिसं देणार नाही, कारण त्यापायी तापाने फणफणलेली मुलं शाळेत येतात. मुलाचं कारण त्याच्या जातीत, भाषेत किंवा ‘ते लोक असेच’ या वाक्यात शोधणार नाही. कोणत्या पक्षाचा झेंडा लावणार नाही आणि कोणाच्या वाढदिवसाच्या फलकावर आमचं नाव येऊ देणार नाही.

आणि शाळेचा कारखाना होऊ देणार नाही. गेटवरची हजेरी पगार कापण्यासाठी घेतली जाते. शाळेची हजेरी माणूस शोधण्यासाठी घ्यायची असते. मोजण्यातली शिस्त आम्ही गेटवरून उचलू, कापण्याची रीत तिथेच ठेवू.

शेवटचं

करोनात मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं. गावाकडची पहिली ते चौथीची मुलं १ डिसेंबर २०२१ रोजी पुन्हा वर्गात आली. मधल्या काळात रिकामी शाळा कशी दिसते हे आपण सगळ्यांनी पाहिलं आणि आपल्या पोटात तुटलं. आजही ती रिकामी जागा आहे, फक्त ती विखुरलेली आहे: या वर्गात एक बाक, त्या वर्गात दोन. विखुरलेली आहे म्हणून डोळ्यांत भरत नाही.

या चळवळीत यायला वर्गणी नाही, फॉर्म नाही. तुमच्या गल्लीत उद्या सकाळी दहाच्या पुढे शाळेच्या वयाचं एखादं मूल दिसलं, कडेवर धाकटं घेतलेलं, पानठेल्यावर उभं, नाहीतर धुऱ्यावर बसलेलं, तर त्याच्याजवळ थांबा. रागावू नका. नाव विचारा, काय झालं ते विचारा, आणि संध्याकाळी त्याच्या आईला भेटा. एवढं केलंत की तुम्ही आमच्यात आलात. बाकीचं काम आपण मिळून करू.